परिचारिका व्हायचे, पण कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की परंडा, भूम, वाशी या बाजूच्या पुष्कळ घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "पोरीला नर्सिंगला टाकावं म्हणतो." श्रोतेहो, यातला 'टाकावं' हा शब्द मोठा बोलका आहे. रानात बी टाकावे, पेटीत पैसे टाकावे, तशी पोरगी नर्सिंगला टाकायची. त्यामागे कुणाची वाईट बुद्धी असते असे मुळीच नाही. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा, धाकटी भावंडे शिकायची राहिलेली. अशा घरात तीन-चार वर्षांत हाताला काम देणारे शिक्षण कोणते, असा हिशेब बाप करतो, आणि तो हिशेब चुकीचा नसतो. मात्र त्या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. जी मुलगी पुढची तीस-पस्तीस वर्षे हे काम करणार, तिला त्या कामातून काय साधायचे आहे, आणि कशाशी तिची कधीच तडजोड व्हायची नाही, हे तिला कोणी विचारत नाही. तीही स्वतःला विचारत नाही. आजचे बोलणे त्या कोऱ्या रकान्याविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'नर्स' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते : पांढरा पोशाख, हातात इंजेक्शन, आणि मागे डॉक्टर. वास्तविक हा एक व्यवसाय म्हणजे अनेक दालनांचा वाडा आहे. दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम केलेली मुलगी उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. सपाट प्रदेशात साधारण ५,००० वस्तीला एक उपकेंद्र असा हिशेब असतो. तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग केला की रुग्णालयात अधिपरिचारिका होता येते. तिथून वॉर्ड सांभाळणारी परिसेविका, सगळ्या परिचर्येची जबाबदारी पाहणारी अधिसेविका, म्हणजे लोक जिला मेट्रन म्हणतात ती. शिकवण्याची आवड असेल तर पाठ्यनिर्देशिका. जी.एन.एम. नंतर दोन वर्षांत पदवी पुरी करता येते, त्यापुढे दोन वर्षांत एम.एस्सी. होते. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, मानसिक आजार अशा एकेका शाखेत वर्षभराची पदविका घेता येते. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. नर्सिंग शिकलेल्यांना ते एक नवे दार उघडले. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रसूतिसेवेसाठी वेगळ्या, अठरा महिने जादा शिकलेल्या परिचारिका तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आणि हो, हे सारे मुलांनाही खुले आहे. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. मी बोलताना 'ती' म्हणते ते केवळ सवयीने.

आता इतकी दालने असताना सगळ्याच मुली एकाच दारात गर्दी करतात, याचे कारण त्यांना वाड्याचा नकाशा कोणी दाखवत नाही.

हा व्यवसाय आपल्याकडे आला तोच मुळी 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर घेऊन. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्षा, आणि गोपाळ कृष्ण देवधर हे त्याचे कार्यकर्ते चिटणीस. सेवासदनाने मुलींना, विशेषतः तरुण विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवण्यास सुरुवात केली. आज हे वाचताना विशेष वाटत नाही. पण त्या काळी परजातीच्या रोग्याला हात लावायचा, परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, रात्री घराबाहेर राहायचे, या तीनही गोष्टी पांढरपेशा घरांत अब्रूवर घाला समजल्या जात. ज्या बाईला घरात कोपरा आणि दोन वेळचे उष्टे-खरकटे याखेरीज काही नव्हते, तिच्या हाती रमाबाईंनी थर्मामीटर दिला. त्या बायकांचे उद्दिष्ट अगदी साधे होते : स्वतःच्या कमाईचे अन्न खायचे. त्यासाठी त्यांनी समाजाचा राग पत्करला. म्हणून 'पगारासाठी नर्सिंग करते' असे एखादी मुलगी म्हणाली की नाक मुरडणाऱ्यांचे मला नवल वाटते. पगार हे हलके उद्दिष्ट नव्हे. या व्यवसायाच्या पायातला तो एक दगडच आहे.

तरीपण उद्दिष्ट आणि मूल्य यांत फरक आहे, तो नीट पाहू. वडिलांचे कर्ज फेडायचे आहे, बार्शीत दोन खोल्या घ्यायच्या आहेत, बी.एस्सी. पुरे करायचे आहे, परदेश पाहायचा आहे, ही उद्दिष्टे. ती वयाबरोबर बदलतात. एक पुरे झाले की दुसरे येते. रोग्याशी खोटे बोलणार नाही, गरीब-श्रीमंत पाहून हात आखडणार नाही, न दिलेल्या औषधाची नोंद करणार नाही, आईच्या आजारपणात तिला एकटी सोडणार नाही, ही मूल्ये. ती सहसा बदलत नाहीत. फार तर आपल्याला ती होती हे उशिरा कळते. अडचण येते ती दोन्ही एकमेकांना छेदतात तेव्हा. मुंबईच्या रुग्णालयात पगार जास्त, पण आई परंड्यात एकटी; किंवा गावाजवळ नोकरी मिळाली, पण तिथे न केलेल्या तपासणीचे आकडे भरायला सांगतात. अशा वेळी आपले काय ठरलेले आहे हे आधी माहीत असेल तर माणूस दोन रात्री जागून निर्णय घेतो. माहीत नसेल तर निर्णय दुसराच कोणी तरी घेतो.

हे नुसते हवेत बोलणे नको, म्हणून आपल्याच भागातले एक मोठे उदाहरण सविस्तर सांगते.

परंड्याहून जवळच बार्शी. तिथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ साली तिथे ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. खेड्यांतल्या लोकसंख्येची अशी नोंदणी देशात प्रथम झाली ती इथे, आणि तिच्यासाठी तीन तालुके निवडले होते : बार्शी, भूम आणि आपला परंडा. शहरातल्या नोंदणीत काम सोपे. रोगी रुग्णालयात येतो, कागदावर नोंद होते. खेड्यात रोगी येतच नाही. तेव्हा नोंदणीची माणसे गावोगाव जात, पारावर, देवळात लोकांना जमवून बोलत, कोणाला गाठ आहे, कोणा बाईला अवेळी रक्त जाते, हे विचारत आणि त्यांना तपासणीस बोलावीत. यातून एक गोष्ट दिसून आली. लोकांशी नुसते बोलत राहिल्याने, कुठलेही मोठे यंत्र न आणता, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासणीला येऊ लागल्या. १९९५ साली हा अनुभव आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यापुढची पायरी याहून मोठी. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक पाहणी सुरू झाली. गावांचे ५२ गट केले, आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत घेतल्या. प्रश्न असा होता : गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर पकडण्यासाठी तीन पद्धती आहेत, एक विषाणूची चाचणी, दुसरी पेशींची, तिसरी पातळ व्हिनेगरसारखे द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची, यांपैकी कोणती खरोखर जीव वाचवते? तीन गटांना या तीन चाचण्या, आणि चौथ्या गटाला नेहमी मिळते तीच सेवा. निष्कर्ष २००९ साली अमेरिकेतल्या अतिशय नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आले. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. इतर दोन पद्धतींत मृत्यू म्हणण्यासारखे कमी झाल्याचे दिसले नाही. जगभरच्या तपासणी कार्यक्रमांना या आकड्यांनी दिशा दिली. आणि हे आकडे आले कुठून? आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांकडून.

पण आकडे लिहिणाऱ्यांची नावे सर्वांना दिसतात. नमुने घेणाऱ्यांची दिसत नाहीत. गावात जाऊन हे नमुने घेण्याचे आणि डोळ्यांनी तपासण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका-प्रसविकांनी केले. कल्पना करा, जी बाई नवऱ्यापुढेही आपले दुखणे बोलत नाही, ती चाळिशीची, पाच लेकरांची आई, काही दुखतखुपत नसताना अंगाला हात लावू देईल का? "मला काय झालंय? कशाला तपासू?" हे पहिले उत्तर. दुसरे : "मालकाला विचारते." तिसरे उत्तर म्हणजे त्या दिवशी शेतात निघून जाणे. या तीन उत्तरांपुढे पदवीचा कागद उपयोगी पडत नाही. बाईला तपासणीची गरज समजावून सांगणे, आडोसा करणे, हात कोमट करून मगच लावणे, निकाल वाईट आला तर तिच्या घरी जाऊन सांगणे, आणि पुढच्या उपचाराला ती खरोखर जाते की नाही हे पाहणे, हे सारे परिचर्येचे कौशल्य आहे. शस्त्रक्रियागृहातल्या कौशल्याइतकेच ते कठीण, आणि शिकल्याशिवाय येत नाही. ज्या मुलीला बायकांशी बोलायला आवडते, जिला त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळतो, तिने आपले स्थान मोठ्या शहरातच आहे असे का समजावे? हल्ली तर ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची डोळ्यांनी करायची ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. करणारी मनापासून करणारी हवी.

या पाहणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण मूल्यांची गोष्ट काढल्यावर ती लपवणे बरे नव्हे. चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांची तपासणी केली नाही, केवळ तुलनेसाठी त्यांच्यावर लक्ष ठेवले, यावर पुढे वैद्यकीय नियतकालिकांतून कडक टीका झाली. तपासणीने जीव वाचतो याची कल्पना असताना ती न देणे न्याय्य होते काय, असा प्रश्न. करणाऱ्यांचे म्हणणे असे की देशात त्या वेळी खेड्यांत अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती. तेव्हा या बायकांचे काही काढून घेतले नाही, आणि चौथा गट नसता तर कोणती पद्धत उपयोगाची हे कधीच कळले नसते. दोन्ही बाजूंना वजन आहे. माझे स्वतःचे मन टीकाकारांकडे थोडे अधिक झुकते. पण वाद डॉक्टरांचा म्हणून परिचारिकेने त्यात पडायचे नाही, हे मात्र मला पटत नाही. गावात जाऊन बसलेली ती होती. "बाई, आमच्या गावची तपासणी का नाही?" असे तिलाच कोणी विचारले असते. उत्तर द्यायचे तर तिला ते माहीत हवे, आणि पटलेलेही हवे.

इथून पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांनी जे काम उभे केले त्याचा लौकिक जगभर झाला. पण त्याच्या सुरुवातीची गोष्ट परिचारिकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आरोळे दांपत्याने आधी प्रशिक्षित परिचारिकाच गावांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. परगावची एकटी तरुण मुलगी, ना ओळख ना सोबत. गाव तिला आपले मानीना आणि तिला तिथे सुरक्षित वाटेना. तेव्हा गावातलीच बाई निवडायची असे ठरले.

यातून कोणी असा अर्थ काढील की शिकलेल्या परिचारिकेचे खेड्यात काम नाही. तो अर्थ चुकीचा. खरा अर्थ असा, की मूल्य कितीही चांगले असले तरी त्याला राहायला खोली लागते, दाराला कडी लागते, रात्री सोबत लागते. 'सेवा' हा शब्द पुढे करून परिचारिकेच्या या गरजा मागे ढकलायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. उपकेंद्राच्या निवासस्थानाला पाणी नाही म्हणून आरोग्यसेविका तालुक्याला राहते, आणि लोक म्हणतात, बाईला सेवेची आवड नाही. अहो, पाणी आणा आधी! ज्या मुलीला आपल्याच तालुक्यात काम करायचे आहे, तिच्यापाशी एक मोठे भांडवल आहे : तिला इथली भाषा येते, माणसे ठाऊक असतात, आणि सोनारीच्या जत्रेत कोणाची गाठ कुठे पडते हेही ठाऊक असते. परगावच्या परिचारिकेला हे मिळवायला दोन-तीन वर्षे लागतात.

आता जरा कठीण विषयाकडे येते. आपल्या बाजूने दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या वेळी ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यांतल्या कितींची खरोखर गरज होती, हा निराळा प्रश्न. पण एवढ्या शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा प्रत्येक खाटेशेजारी कोणी तरी परिचारिका उभी होती. संमतीच्या कागदावर अंगठा पुष्कळदा तीच घेते. त्या घटकेला बाईने विचारले, "पिशवी काढल्यावर मला पुन्हा जड काम जमंल का?" तर तिने काय सांगावे? नोकरी खाजगी, मालक समोर, घरी हप्ता चालू.

मी तिला धाडसी भाषण करायला सांगणार नाही. असे भाषण करून नोकरी गमावलेली परिचारिका दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात नसते, आणि बाया तिथेच असतात. पण काही गोष्टी तिच्या हातात असतात. समजल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, "डॉक्टर, यांना शंका आहे, आपण एकदा सांगाल का?" असे म्हणायचे, आणि तसे म्हटल्याची नोंद रोग्याच्या कागदावर करायची. दुसरीकडे दाखवायचे असेल तर तो तुमचा हक्क आहे, एवढे बाईला सांगायचे. जागतिक परिचारिका परिषदेची नीतिसंहिता १९५३ साली प्रथम आली आणि २०२१ साली तिची अलीकडची सुधारणा झाली; तिचा रोख हाच आहे की परिचारिकेची पहिली जबाबदारी रोग्याशी. आणि हे एकदा-दोनदा करूनही त्या ठिकाणी रोज मान खाली घालावी लागत असेल, तर नोकरी बदलण्याची तयारी ठेवायची. ती तयारी ऐन वेळी होत नाही. म्हणून मी म्हणते, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकणे हेसुद्धा मूल्य जपण्याचेच साधन आहे. ज्याच्या गाठीला काही नाही त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातली गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा शुद्धीत अशा आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली सुमारे बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. नोकरीला लागलेल्या मुली निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनी तेच काम पुढे चालवले. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या पाठीला जखमा होऊ न देणे किती कष्टाचे आहे, हे ज्याने घरी म्हातारे माणूस सांभाळले आहे त्यालाच कळेल. त्यांना दयामरण द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा या परिचारिकांनी त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले. दयामरणाविषयी कुणाचे मत काहीही असो. एका वॉर्डाने आपले मूल्य काय हे न लिहिता ठरवले आणि पिढ्यान् पिढ्या पाळले, ही गोष्ट मोठी आहे. तशीच दुसरी गोष्टही विसरून चालणार नाही : हा हल्ला कामाच्या जागी झाला. नोकरी निवडताना रातपाळीला किती जणी असतात, कपडे बदलायची खोली कुठे आहे, पाळी सुटल्यावर घरी कसे जायचे, हे मुलीने विचारले तर ती भित्री ठरत नाही.

पैशाविषयीही स्पष्ट बोलू. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१६ साली न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. तिने सुचवले की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका असावा. शिफारशी अमलात आणणे राज्यांवर सोपवले गेले, आणि पुष्कळ ठिकाणी ते कागदावरच आहे. तरी हा आकडा माहीत असावा. निदान कमी देणाऱ्यापुढे आपण काय मागतो आहोत याची लाज वाटणार नाही. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारी, दोन-तीन वर्षांचे बंधपत्र लिहून घेणारी ठिकाणे असतात. तिथे सही करण्यापूर्वी कागद घरी आणून चार माणसांना दाखवावा. महाविद्यालयाची फी भरण्यापूर्वी ते भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे काय हे पाहावे. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकले तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून सगळे शिक्षण पाण्यात.

परदेशाची ओढ हल्ली आपल्या तालुक्यापर्यंत पोचली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यातही परिचारिका आहेत. आखाताकडे जाणाऱ्यांची फसवणूक होऊ लागली म्हणून २०१५ साली केंद्राने अठरा देशांसाठी परिचारिकांना परदेशगमनाची परवानगी बंधनकारक केली आणि भरतीचे काम सरकारी संस्थांकडे दिले. दलालाने लाखभर रुपये मागितले की या गोष्टी आठवाव्यात. परदेशी जाण्यात गैर काही नाही. तिथे एका परिचारिकेकडे रोगी कमी असतात, तिच्या मताला मान असतो. ज्या मुलीला विद्या वाढवायची आहे तिने जावे. फक्त 'सगळे जातात' हे कारण नसावे. तिथल्या थंडीत, परक्या भाषेत, सणावाराला एकटे बसून पाळी करताना हे कारण उबेला येत नाही.

मग मुलीने करावे काय? एक दुरेघी वही घ्यावी. तीत उत्तरे लिहावीत, पण सुंदर अक्षरात सुविचार लिहितो तशी नव्हे, खरी. मला म्हाताऱ्या माणसांजवळ बसायला आवडते की बाळंतिणीजवळ? गडबड झाली की माझे डोके शांत राहते की गोंधळते? शांत राहत असेल तर अपघात विभाग, अतिदक्षता. गोंधळत असेल तर त्यात कमीपणा नाही, शिकवणे किंवा गावातले काम अधिक जमेल. रक्त पाहून चक्कर येते म्हणून परिचारिका होता येणार नाही असे नाही, ती भीती बहुतेकींची जाते. पण माणसाचा कंटाळा असेल तर तो जात नाही. पाच वर्षांनी मी कोणत्या गावात राहत असेन? लग्नानंतर रातपाळीबद्दल सासरी काय बोलणार? हा शेवटचा प्रश्न लग्नाच्या बैठकीतच काढावा. साखरपुड्यानंतर तो काढणे अवघड होते. आणि सर्वांत शेवटी : कोणती गोष्ट करायला सांगितली तर मी नोकरी सोडीन? या उत्तरात 'एकही नाही' असे आले तर लिहून मोकळे व्हावे. दोन वर्षांनी पुन्हा पाहावे. परिचर्या परिषदेकडच्या नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी करावे लागते. त्या निमित्ताने वहीही काढली तर बरे.

आईवडिलांना एवढेच सुचवायचे की प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वी मुलीला एखाद्या नोकरी करणाऱ्या परिचारिकेकडे घेऊन जावे. परंड्याच्या सरकारी रुग्णालयात, बार्शीत, कुठेही. दहा-बारा वर्षे काम केलेली असावी. तिला पगार विचारावा, पण तिथेच थांबू नये. कोणत्या दिवशी काम सोडावेसे वाटले आणि का सोडले नाही, तेही विचारावे. आणि जायचे ते तिच्या सुट्टीच्या दिवशी. रातपाळी उतरून आलेल्या सिस्टरला दारातच प्रश्न विचारू नयेत. तिला आधी झोपू द्यावे.